सालोमीचा बुटका सुरू

वसईतल्या गिरीज गावच्या सालोमी तुस्कानोला कुणी विचारलं, बाय, तुला काय काय येतं, तर ती एका शब्दात सांगायची, "बांधता." पुढे काही जोडायची गरज आहे असं तिला वाटायचं नाही. तिच्या बापाचा पानवेलींचा मळा होता, बावखलाच्या काठाला. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. ज्याच्या वाडीला बावखल त्याला पाण्याची ददात नाही. त्या मळ्यात सालोमी सातव्या वर्षी शिरली ती चव्वेचाळिसाव्या वर्षी बाहेर आली, आणि तीही आपण होऊन नाही. मधली सदतीस वर्षं तिनं वेली बांधल्या. केळीच्या सालीची ओली दोरी दातांत धरायची, वेल आधाराच्या झाडाला टेकवायची, एक वेढा, अर्धी गाठ, चला पुढे. गाठ अशी, की वाऱ्यानं वेल हलू नये आणि वेल जाडावली तरी तिला काच बसू नये. दुसऱ्या बायांच्या गाठी पावसाळ्यात सुटायच्या नाहीतर रुतायच्या. सालोमीची गाठ सुटल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची, त्यामुळे दुसऱ्या कुणाला सांगावं लागत नसे.

तिचं लग्न झालं नव्हतं. का झालं नाही याची गावात तीन कारणं सांगत, आणि तिन्ही ऐकून ती म्हणायची, "वेळ नाय मिळाला."

१९५० साली मळ्याला मर लागली. वेली मुळाशी कुजायला लागल्या, पानं पिवळी पडली. मोरचूद आणि चुना शिंपून झाला, फादरांनी येऊन पवित्र पाणी शिंपडून झालं, पण वेली काही धरल्या नाहीत. तिचा धाकटा भाऊ फर्डिनंड वाडीचा कारभार बघायचा. त्यानं मळा काढून केळी लावल्या. त्याचं चुकलं नव्हतं, हे सालोमीलाही कळत होतं. पण केळीला बांधायचं काय?

मळ्यात होती तोवर ती कामाची बाई होती. मळा गेला आणि ती एका हंगामात घरातली रिकामी आते झाली. फर्डिनंडची बायको लिडिया वाईट नव्हती, ताटात वाढताना हात आखडणारी तर अजिबात नव्हती. पण कुणाचं बाळंतपण निघालं, कुणी तापानं पडलं, कुणाच्या घरी जेवणावळ ठरली की लिडिया म्हणायची, "आमच्या बायला बोलवा की. ती काय, मोकळीच हाय." हा 'मोकळीच' शब्द सालोमीच्या डोक्यात जायचा. कामाला ती भीत नव्हती. तिला हवं होतं ते स्वतःच्या हुन्नराचं, नावावरचं काम, की ज्यासाठी दुसऱ्यांनी तिची वेळ विचारावी. चव्वेचाळिसाव्या वर्षी वसईत एका बाईला ते कोण देणार, एवढाच प्रश्न होता, आणि सालोमीच्या मते त्याचं उत्तर ज्युलियस मास्तर हे होतं. मास्तरांना अजून ते माहीत नव्हतं.

ज्युलियस मास्तर पूर्वी शाळेत इंग्रजी शिकवत. मुलं ऐकेनात म्हणून त्यांनी शाळा सोडली आणि पापडीच्या रस्त्याला नर्सरी काढली. रोपंही त्यांचं ऐकत नसत, पण निदान उलट उत्तरं देत नसत. त्यांच्याकडे बागकामावरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं आणि गुलाबाला पाणी घालायचं झालं तरी ते आधी पुस्तक उघडत. सालोमी एका सकाळी फाटकातून आत शिरली आणि नमस्कार-चमत्कार न करता म्हणाली, "मास्तर, मला कामावर घ्या."

"बाय, माझ्याकडे माणसं आहेत. आणि पानवेल मी ठेवत नाही."

"तुमच्या मधुमालतीला कोणी बांधलंय?"

"का?"

"गळफास दिलाय बिचारीला."

मास्तरांनी जाऊन पाहिलं. सुतळी खोडात रुतून तिथं गाठ आली होती. त्यांनी सालोमीला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मधुमालती तेवढी सोडवून दे म्हणाले. म्हणून दुसऱ्या दिवशी विरारचे जयराम तांडेल आले तेव्हा सालोमी शिडीवर उभी होती. ती तिथं नसती तर ही गोष्टच झाली नसती.

जयराम तांडेलांनी तीस वर्षं आगबोटींवर काढली होती. निवृत्त झाल्यावर ते वसईची रोपं मुंबईच्या बंगल्यांना पोचवण्याचा धंदा करत. लढाईच्या आधी त्यांची बोट दुरुस्तीसाठी कोबे बंदरात सहा आठवडे अडकली होती, आणि तिथं एका म्हाताऱ्याच्या अंगणात त्यांनी एक झाड पाहिलं होतं. त्याचं चित्र असलेलं एक पोस्टकार्ड त्यांनी इतकी वर्षं जपलं होतं. ते त्यांनी मास्तरांपुढे ठेवलं.

"हातभर उंच, मास्तर. तबकात लावलेलं. आणि वय दोनशे वर्षं. जपानी लोक ह्याला बोन्साय म्हणतात. आता बंगलेवाले मला विचारतात, तांडेल, असं मिळेल काय? तुम्ही एक करून दाखवा. मला पटलं तर दरसाल दहा झाडांची मागणी आणतो."

मास्तरांनी पुस्तक उघडलं. बोन्सायवर त्यात दीड पान होतं. सालोमी शिडीवरून उतरली, पदराला हात पुसले आणि पोस्टकार्ड उचलून डोळ्यांजवळ नेलं.

"हे वाढलेलं नाय," ती म्हणाली. "हे बांधलंय. ही फांदी बघा, आपणहून अशी खाली कशाला येईल? हिला कोणीतरी बांधून खाली बसवली, आणि सवय झाली तशी सोडली."

तांडेलांनी मास्तरांकडे पाहिलं. "ही बाय कोण?"

मास्तरांच्या आधी सालोमीच बोलली. "मीच करणार हे झाड."

आता मास्तर माणूस भिडस्त, आणि पुस्तकाच्या दीड पानावर त्यांचा स्वतःचाही फारसा भरवसा नव्हता. त्यांनी अट घातली. एक वर्ष. पुढल्या फेब्रुवारीत तांडेल येऊन बघतील. झाड त्यांना पटलं तर सालोमी नर्सरीत कायम. नाही पटलं तर नाही.

"नाय पटलं तर मी घरी जाते," सालोमी म्हणाली. हे ती अशा थाटात म्हणाली की जणू ही दुसरी बाजू नुसती बोलण्यापुरती आहे. घरी जाताना रस्ताभर मात्र ती त्या दुसऱ्या बाजूचाच विचार करत होती.

पुण्याच्या एका नर्सरीतून आलेली सहा झाडं मास्तरांकडे होती. पुस्तकात त्याचं नाव जुनिपर. नर्सरीतली माणसं त्याला विलायती सुरू म्हणत, कारण आपल्या किनाऱ्यावरच्या उंच सुरूसारखाच हा हाताला टोचायचा. पत्र्याच्या डब्यांतली साधी रोपं होती ती, नाताळात लोक दारात ठेवायला न्यायचे. पाच सरळ आणि भरगच्च. सहावं रेल्वेत आडवं पडून एका अंगाला कललं होतं. मास्तरांनी पाचातलं सगळ्यात दाट रोप पुढं केलं. सालोमीनं ते बाजूला ठेवलं आणि तीन दिवस ती सहाही डब्यांसमोर स्टूल टाकून बसली, मुलगी बघायला आलेल्या सासूसारखी. डबे फिरवायची, पाला बाजूला सारून आत डोकवायची, बोटानं बुंध्याजवळची माती उकरायची. तिसऱ्या दिवशी दुपारी चर्चची घंटा झाली तेव्हा ती उठली आणि तिनं कललेलं रोप उचललं. बाकीच्या पाचांचा बुंधा मातीत सरळ खुंटीगत रोवलेला होता. ह्याचा मातीखाली अंगठ्याएवढा जाड होता, त्याला एक वळण होतं, आणि मुळं एका बाजूला ताणून धरल्यासारखी पसरली होती.

"हे सोडून बाकी सगळी विका," ती म्हणाली. आणि मार्चमध्ये एका बंगल्यानं ती पाचही उचलली.

पुढचं काम पाहायला नर्सरीतले गडी हातातलं टाकून यायला लागले, म्हणून मास्तरांना ओरडावं लागलं. सालोमीनं आधी झाडाच्या आतला वाळका पाला चिमटीनं काढून टाकला. मग एकमेकींवर चढलेल्या फांद्या काढल्या, निम्म्याहून जास्त. झाड एकदम उघडंबोडकं दिसायला लागलं आणि मास्तरांनी घाईनं पुस्तक उघडलं. मग तिनं केळीच्या सालीच्या पट्ट्या भिजवल्या, बुंध्याभोवती घट्ट आणि सलग गुंडाळल्या, आणि त्यावरून तांडेलांनी आणून दिलेली तांब्याची तार चढवली. पुस्तकात नुसती तार होती. सालीची पट्टी तिच्या स्वतःच्या डोक्यातली. साल ओली असली की वाकवताना बुंध्याला सगळीकडून धरून ठेवते, फुटू देत नाही, आणि तारेचा काच खोडाला लागत नाही. मग दोन्ही अंगठे लावून तिनं बुंधा वाकवला. कान जवळ नेऊन. लाकूड जरासं करकरलं की थांबायची. पहिल्या दिवशी दोन बोटं, आठवड्यानं आणखी एक. पानवेल काय आणि हे काय, तिच्या लेखी वाकणारी वस्तू ती वाकणारी वस्तू.

इथवर सगळं उत्तम चाललं होतं. चुकलं ते पुढं, आणि तिच्या कमी हुशारीनं नाही, जास्त हुशारीनं चुकलं.

झाडाच्या डाव्या बाजूला, खालच्या अंगाला, एक जाड फांदी होती. सगळी शोभा तिच्यावर होती. पण ती लांबच लांब गेली होती आणि हिरवा पाला फक्त टोकाला. सालोमीनं ठरवलं, ती वीतभर ठेवून कापायची. मग बुंध्याजवळ नवी फूट येईल, दाट.

मास्तरांनी पुस्तकात बोट घातलं. "बाय, इथं स्पष्ट लिहिलंय. जुनिपरची फांदी हिरव्या पाल्याच्या मागे कापू नये. पाला नसलेल्या लाकडातून ह्याला फूट येत नाही."

"हे लिहिणारा वसईत आला होता काय?"

"त्याचा काय संबंध?"

"मास्तर, इथं कुंपणाला शेवरीचा दांडका ठोकला तरी महिन्यात त्याला पानं येतात. पांगारा तोडून टाकला तर पडल्या जागी फुटतो. तुमच्या त्या पुस्तकवाल्याच्या गावात माती नसेल. आमच्याकडे हाय."

मास्तरांनी पुस्तक मिटलं, कारण हे खरंच होतं. वसईत कुंपणाच्या मेढी जगतात. कुठलाही वसईकर बागाईतदार हेच म्हणाला असता आणि त्यानंही करवत उचलली असती. सालोमीनं फांदी वीतभर ठेवून कापली, छाटलेल्या टोकाला शेणमाती लिंपली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मे संपायच्या आत नाय फुटली तर माझं नाव बदला."

मार्च गेला. बाकीचं झाड खुशीत होतं, वाकवलेल्या फांद्यांच्या टोकांना कोवळा पाला दिसायला लागला. एप्रिल गेला. सालोमी रोज येऊन आधी त्या वीतभर फांदीकडे बघायची आणि मग बघितलंच नाही असं दाखवायची. गडी नाव काय ठेवायचं यावर आपसात बोलत होते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तिनं कुणी आसपास नाही असं पाहून फांदीची साल नखानं खरवडली. आत हिरवं असायला हवं होतं. आत काथ्याच्या रंगाचं, कोरडं होतं. आणखी खाली खरवडलं, पार बुंध्यापर्यंत. सगळी मेली होती.

सालोमी त्या दिवशी भ्याली. हे तिनं पुढं कुणाला सांगितलं नाही, पण भ्याली. तिला मास्तरांची किंवा तांडेलांची भीती वाटली नाही. आपण मरेपर्यंत मोकळ्याच राहणार, याची वाटली. सदतीस वर्षं ज्या हातांचा तोरा मिरवला त्याच हातांनी फांदी मारली होती, आणि तीही वाचून दाखवलेलं असताना. दोन दिवस ती नर्सरीत फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी गेली आणि मास्तरांपुढं उभी राहिली.

"फांदी मेली. मी मारली. पुस्तक बरोबर होतं."

मास्तरांच्या जागी दुसरा कुणी असता तर त्यानं या वाक्याचा नुसता सण साजरा केला असता. मास्तरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. "बुंध्याजवळून कापून टाकू. डावी बाजू रिकामी दिसेल. पण काय करणार, दुसरं रोप आता उरलं नाही."

डावी बाजू रिकामी म्हणजे झाड संपलं, हे दोघांनाही ठाऊक होतं. सालोमीनं करवत उचलली, फांदीला टेकवली आणि परत खाली ठेवली. "उद्या कापते," ती म्हणाली.

पण दुसऱ्या दिवशी लिडियानं तिला पाचूबंदरला पाठवलं. पावसाळ्याची सुक्या मासळीची बेगमी व्हायची होती आणि लिडियाला वेळ नव्हता. सालोमी काही न बोलता टोपली घेऊन निघाली. एरवी ती निदान दोन शब्द तरी ऐकवायची; लिडियाला जरा काळजीच वाटली.

पाचूबंदरला लुईझा कोळीण तिच्या वीस वर्षांच्या ओळखीची. वाळवणाच्या जागेत बोंबील काठ्यांवर टांगलेले होते आणि लुईझा सुकट पाखडत होती. वाळवणाच्या कडेला, अगदी समुद्राच्या तोंडावर, एक उंडीचं झाड होतं. सालोमीनं ते आधी शंभर वेळा पाहिलं असेल. आज पाहिलं आणि तिनं टोपली खाली ठेवली. झाडाची जमिनीकडची बाजू हिरवीगार होती. समुद्राकडची एक मोठी फांदी साफ मेलेली, साल गेलेली, पांढरीफटक. आणि तरी ते झाड अर्धं वाटत नव्हतं. उलट त्या फांदीमुळेच ते एवढी वर्षं तिथं कसं उभं आहे ते कळत होतं.

"लुईझा, ही फांदी कधी मेली?"

"कोनाला ठावं. मी लगीन करून आले तवा बी अशीच व्हती. त्या अंगानं खारा वारा मारते ना."

"मग तोडली का नाय?"

लुईझानं सूप थांबवलं आणि वेड्या बाईकडे बघावं तसं तिच्याकडे पाहिलं. "कशाला तोडाची? ती काय पडत नाय. मेलेली हाय पन पक्की हाय. पानी खाऊन खाऊन लोखंड झालीया. वारा पयला ती खाते, मंग बाकीचं झाड."

सालोमीनं बोंबील किती घेतले, सुकट किती घेतली, याची तिला त्या दिवशी शुद्ध नव्हती. लिडियाच्या सांगण्याप्रमाणं दोन्ही चुकलं. सालोमी टोपली ओट्यावर ठेवून तशीच नर्सरीत गेली.

तिनं करवत गड्याला परत देऊन टाकली. पान खुडताना अंगठ्यात घालायची लोखंडी नखी मळा गेल्यापासून तिच्या कनवटीला नुसती पडून होती, ती काढली आणि मेलेल्या फांदीची साल सोलायला बसली. साल उभ्या रेषेत सोलली, लाकडाच्या धाग्याच्या दिशेनं. बुंध्याजवळ आली तेव्हा जिवंत साल जिथं सुरू होते तिथं बरोबर थांबली. मग पक्कड घेतली. करवतीनं छाटलेलं टोक सपाट होतं, माणसाच्या हातचं. ते पकडीनं धरून तिनं एकेक धागा मागं ओढला, मोडला, पुन्हा ओढला, आणि दोन दिवसांनी ते टोक असं झालं की वाऱ्यानंच मोडलंय म्हणावं. शेवटी तिनं पानाच्या डब्यातला चुना पाण्यात कालवला आणि कोंबडीच्या पिसानं लाकडाला लावला. चुन्यानं लाकूड पांढरं पडतं आणि त्याला कीड लागत नाही. जिवंत सालीला तो लागला तर ती भाजते, म्हणून त्या बारीक कडेशी ती श्वास रोखून काम करत होती. मास्तर मागं येऊन उभे राहिले, पुस्तकाशिवाय.

"पण आता सगळं झाडच बदलावं लागेल," ते हळूच म्हणाले. लोकांना वाटे तितकं काही मास्तरांना कमी कळत नव्हतं.

"बदलणारच," सालोमी म्हणाली. "समुद्र ह्या बाजूला. म्हणजे बाकीच्या सगळ्या फांद्या त्या बाजूला."

तिनं सगळ्या तारा सोडल्या आणि पहिल्यापासून बांधलं. आता तिला झाड कसं हवं ते ठाऊक होतं, त्यामुळे हात चुकत नव्हता. बुंधा ज्या अंगाला आधीच कललेला होता त्याच अंगाला आणखी नेला. शेंडा सरळ वर जात होता, तो वळवून समुद्राच्या उलट बाजूला लवता केला. मागच्या बाजूच्या दोन फांद्या थोड्या खाली बांधल्या. पावसाळाभर झाड झावळ्यांच्या छपराखाली उंच फळीवर राहिलं, कारण वसईचा पाऊस ह्या पाहुण्याच्या मुळांना सोसणार नाही, असं पुस्तकात होतं आणि आता सालोमी पुस्तक वाचून घ्यायची. रोज एक परिच्छेद, मास्तरांच्या तोंडून. पटला नाही तरी पूर्ण ऐकायची.

डिसेंबरात, थंडी पडल्यावर, तिनं ते पत्र्याच्या डब्यातून काढून कुंभाराकडून मुद्दाम करवून घेतलेल्या उथळ, पसरट मातीच्या तबकात बसवलं. मुळं मोकळी केली, विटेची भरड आणि धुतलेली वाळू घातली. तबकाच्या तळाच्या भोकांतून दोरी ओवून मुळं तबकाला बांधली. बांधायचं म्हटल्यावर ती कसली मागं राहते.

१९५२ च्या फेब्रुवारीत जयराम तांडेल आले. मास्तरांनी झाड टेबलावर पांढऱ्या चादरीवर मांडून ठेवलं होतं. सालोमी नवं लाल लुगडं नेसून बाजूला उभी होती, हात मागं बांधून. तांडेल वाकले, झाडाच्या उंचीला डोळे आणले आणि बराच वेळ तसेच राहिले. मास्तरांना धीर धरवेना.

"ही मेलेली फांदी मुद्दाम आहे, तांडेल," ते म्हणाले. "ही जपान्यांची जुनी पद्धत. पुस्तकात सविस्तर..."

"नाय," सालोमी म्हणाली.

मास्तरांनी तिच्याकडे डोळे वटारले. बिचारे तिच्यासाठीच खोटं बोलत होते. पण आपल्या चुकीचं श्रेय पुस्तकाला जावं हे सालोमीला कसं खपणार? नोकरी गेली तरी चालेल, पण हे नाही.

"पुस्तकात ह्यातलं काय नाय. पुस्तकात होतं की अशी फांदी कापू नका. मी कापली. मला वाटलं, फुटेल. नाय फुटली, मेली. मग मी पाचूबंदरला उंडीचं झाड बघितलं आणि बाकीचं झाड मेलेल्या फांदीपरमाणं बांधलं. पद्धत-बिद्धत कुणाची नाय. आधी चूक माझी आणि नंतरचं काम पण माझं."

मास्तरांनी कपाळाला हात लावायचा तेवढा बाकी ठेवला. तांडेल सरळ उभे राहिले. त्यांनी तबकाला दोन्ही हात लावले आणि ते हळूच फिरवलं, मेलेली फांदी खिडकीकडं येईल असं. खिडकी पश्चिमेला होती.

"आता बरोबर," ते म्हणाले. "तीस वर्षं मी वाऱ्याकडं तोंड करून उभा राहिलोय, बाय. वारा कुठून येतो ते मला सांगावं लागत नाय." मग त्यांनी विचारलं, "दुसऱ्या झाडात हेच करता येईल? मुद्दाम?"

"सगळ्यांत नाय. ज्याचा कल असेल त्याच्यातच. नायतर मेलेली फांदी नुसती मेलेली दिसेल."

या उत्तरावर तांडेलांनी मान डोलावली आणि झाड उचलायला हात पुढं केले. सालोमी मध्ये आली.

"आज नेऊ नका. तारा अजून सोडायच्या नायत. दोन वर्षं तरी माझ्या हाताखाली पायजे. आत्ता सोडलं तर ते पुन्हा नर्सरीतलं रोप होईल."

बंगलेवाल्यांना तांडेलांनी काय सांगितलं असेल ते असो. झाड तिथंच राहिलं आणि महिनाभरात पुण्याहून आणखी दहा जुनिपर आले, त्यांच्याबरोबर तांडेलांची चिठ्ठी, की ही सालोमीबायच्या हातची हवीत, दुसऱ्या कुणाच्या नकोत. मास्तरांनी चिठ्ठी दोनदा वाचून दाखवली. मग म्हणाले, "सोमवारपासून ये. आठ ते पाच. दुपारी एक तास सुट्टी." सालोमीनं "बरं" म्हटलं आणि कुंपणाच्या मागं जाऊन डोळे पुसले. रडण्याची तिला सवय नव्हती, त्यामुळे तिला ते नीट जमलंही नाही.

तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी दुपारनंतर, फर्डिनंड सायकल मारत नर्सरीत आला. लिडियाच्या माहेरची आठ माणसं न सांगता विरारहून आली होती. लिडिया एकटी, भात टाकायचा, मासळी साफ करायची. सालोमी तेव्हा चौथ्या झाडावर ओली साल गुंडाळत होती, एक टोक दातांत धरलेलं.

"बाय, चल लवकर. पाहुणे आलेत."

तिनं वेढा पुरा केला, अर्धी गाठ मारली आणि दातांतलं टोक काढलं.

"मी कामावर हाय, फर्डिनंड. पाच वाजता सुटते."

फर्डिनंडनं आयुष्यात हे वाक्य तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मळ्यातसुद्धा नाही, कारण मळ्यात तिला घरी बोलवायची वेळ येत नसे. त्यानं मास्तरांकडं पाहिलं, मास्तर पुस्तकात तोंड घालून बसले होते. तो सायकलीपर्यंत गेला, हँडल धरून उभा राहिला आणि परत आला.

"मग मी लिडियाला काय सांगू?"

"हेच सांग."

"आणि तू?"

"मी पाचाला येते. मासळी मी करीन. भात तिला टाकू दे."

फर्डिनंडनं मान हलवली, पण निघाला नाही. एका उपड्या कुंडीवर बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि बहिणीचं काम बघत राहिला. सालोमीनं नवी साल पाण्यातून काढली आणि दातांत धरली. पाचाला अजून पाऊण तास होता.